चांदणीचं नाक

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी अंजू मॅडमनी प्रत्येकीला एक वही दिली आणि बजावलं, रोजचं काम रोज लिहायचं. पुढच्या बाजूने मी कामच लिहिणार आहे : किती गाई, किती म्हशी, किती शेळ्या. पण वही दोनशे पानांची, आणि आमचं गाव हिंगणीपासून आठ किलोमीटर आत, जंगलाला टेकलेलं. इथे जनावरं ती किती असणार? म्हणून मागच्या बाजूने हे माझं स्वतःचं. ही पानं मॅडमना दाखवायची नाहीत.

आजपासून मी गावाची पशुसखी. मी सगळ्यांना सांगते की पशुसखी म्हणजे अर्धी डॉक्टर. मामाजी सांगतात, ‘ढोराईची नर्स’. मामाजी म्हणजे माझे सासरे, बापूराव. चाळीस वर्षं ते गावाचे ढोरकी होते. साऱ्या गावाची गुरं जंगलाकाठी नेऊन चारायची आणि दिवेलागणीला ज्याची त्याच्या दारात आणून सोडायची. एकही गाय कधी चुकीच्या दारात गेली नाही, हे ते आठवड्यातून दोनदा सांगतात. आता गुरं कोणी राखत नाही, ज्याची तो बघतो. मामाजी ओसरीवर बसून असतात आणि माझ्या प्रत्येक कामाला नाव ठेवतात.

नवा फोन मिळालाय. हेमराजने, म्हणजे नवऱ्याने, जाम गावच्या चौकातल्या टायरच्या दुकानातून सुट्टी काढून आणून दिला. मॅडमनी त्यात दोन गोष्टी टाकून दिल्या. एक, गाईच्या कानातला पिवळा बिल्ला वाचणारं सरकारी ॲप. दुसरं, कागद स्कॅन करायचं. दोन्हींची चित्रं निळीच आहेत. मॅडमनी करून दाखवलं तेव्हा माझ्या अंगावर काटाच आला. बिल्ल्यावरच्या नुसत्या उभ्या रेघा, आणि फोन समोर धरला तर गाईचं वय, जात, मालक, टोचलेल्या लशी, सगळं उमटलं. गाय उभ्या उभ्या रवंथ करत होती. तिला पत्ताही नव्हता की आपल्याला कुणी वाचून काढलं.

६ ऑगस्ट, बुधवार

अकरा जनावरं केली! एका दिवसात!

बिल्ले मागच्या वर्षीच सगळ्यांच्या कानात ठोकलेत. आता ते स्कॅन करून त्यांना मालकाचं नाव जोडायचंय. फोन धरला की हिरवी चौकट येते, हात हलवायचा नाही, मग टिक् असा आवाज होतो आणि ‘जतन झाले’ असं उमटतं. झालं काम. मला वाटलं होतं त्याहून सोपं निघालं.

देवकाबाईंच्या चांदणीने मात्र घाम काढला. देवकाबाई आमच्या मागच्या गल्लीत एकट्या राहतात, सत्तरीच्या. चांदणी त्यांची एकुलती गाय. गवळाऊ जातीची, पांढरीशुभ्र, आता गाभण. तिची आई वीज पडून गेली तेव्हा ही नऊ दिवसांची होती. देवकाबाईंनी तिला बाटलीने दूध पाजून वाढवली, थंडीत घरात घेऊन झोपल्या. तर ही चांदणीबाई कान दाखवायलाच तयार नाही. फोन कानाजवळ नेला की मान वळवून नाकच पुढे करायची. शेवटी देवकाबाईंनी दावं आवळून धरलं, हिरवी चौकट आली, टिक् झालं, आणि त्याच क्षणी चांदणीने नव्या फोनवर खालून वर जीभ फिरवली.

“नाव लागलं काय माहं?” देवकाबाईंनी विचारलं.

“लागलं,” मी फोन पदराला पुसत म्हटलं.

“म्हंजे आता सरकारले बी समजलं का चांदणी माही हाय?”

“साऱ्या देशाले समजलं, माय.”

त्या कितीतरी वेळ गाईच्या कपाळावरून हात फिरवत राहिल्या. माझ्या हातून आज काहीतरी मोठं घडलं असं मला तेव्हा वाटलं, आणि अजूनही वाटतंय.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आता नाद लागलाय. जे दिसेल ते स्कॅन करते. कीटकनाशकाच्या बाटलीवरचा चौकोन, बिस्किटाचा पुडा, एसटी स्टँडवरची पाटी. प्रत्येक ठिपक्याच्या मागे कुणीतरी काहीतरी लिहून ठेवलंय आणि आपण इतकी वर्षं नुसते बघत गेलो.

माझा शाळा सोडल्याचा दाखला आज काढला. घडीवर फाटलेला, वर चहाचा डाग. मास्तरांची सही तर केव्हाच उडाली होती. कागदाच्या स्कॅनरमधून नेला, काळं-पांढरं केलं, आणि सही परत आली! डोळ्यांना न दिसणारी शाई कुठून शोधून आणली त्याने, देव जाणे. मी ओरडलेच.

मग आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, भिंतीवरचा फोटो उतरवला. वाळवीने कडा खाल्लेल्या, चेहरा धुरकट झालेला. तो स्कॅन करून, उजळून, हिंगणीला जाऊन मोठा छापून, काचेत बसवून आणला. आत्याबाईंच्या नाकातली चमकीसुद्धा दिसते. मामाजींच्या हातात दिला. वाटलं होतं, निदान आज तरी कौतुक करतील. त्यांनी फोटो उलटा धरला, काचेवरून हात फिरवला आणि म्हणाले, “हो. चांगला आला.” डोकं खाली, पाय वर! मी सरळ करून दिला तर म्हणाले, “मले माहीत हाय तिचं तोंड. तू नोको सांगू.”

इतका हट्टी माणूस मी पाहिला नाही. सुनेने केलेलं बघायचंसुद्धा नाही म्हणजे काय?

२४ ऑगस्ट, रविवार

परवा पोळा झाला. तोरणाखाली बैलजोड्यांची रांग लागली होती. मामाजी दरवर्षीसारखे पुढे उभे. पोरांनी नेहमीची गंमत सुरू केली : बैल कोणाचा, बापूराव आजा? मामाजी प्रत्येक बैलाच्या नाकावर अंगठा ठेवत आणि नाव सांगत. बेगड, झुली, बाशिंगं घालून बैल ओळखू येऊ नयेत इतके सजवले होते, तरी एकही चुकला नाही. लोक टाळ्या वाजवत होते. मी मनात म्हटलं, माझा फोन हेच काम लांबून करतो, आणि नाकाला हात लावावा लागत नाही.

स्कॅनचं काम जोरात आहे. सध्या टिक् झाल्यावर मालकाचं नावही समोर दिसतं. पहिल्या दिवशी दिसत नव्हतं. ॲप सुधारलं असावं.

मामाजींचं वागणं मात्र बिघडत चाललंय. काल भरल्या बादलीला लाथ मारली आणि वर मलाच बोलले, की वाटेत काऊन ठेवली. आज ओसरीपासून गोठ्यापर्यंत दोरी बांधून घेतली. कपडे वाळवायला, म्हणे. गोठ्यात कपडे कोण वाळवतं? पण वाद घातला नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

चांदणी काल संध्याकाळी परत आली नाही.

देवकाबाई आज दिवसभर जंगलकाठाने हाका मारत फिरल्या. मी दुपारपर्यंत त्यांच्याबरोबर होते. त्यांचा आवाज बसलाय. पाचवा महिना जाऊन वर झालाय हो तिला, असं भेटेल त्याला सांगत होत्या. खरं तर आठवा लागला होता, पण मी दुरुस्ती केली नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

नाल्यात पांढऱ्या गाईचा सांगाडा सापडला. बाजूला वाघाचे पंजे. बोर अभयारण्याशेजारी राहतो आम्ही, त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही. सगळ्यांनी ठरवून टाकलं, चांदणी गेली.

देवकाबाई सांगाडा पाहून आल्या. “हाडं तं साऱ्याच गाईची पांढरी असते,” म्हणाल्या. कानाचा भाग राहिलेलाच नव्हता, म्हणून बिल्लाही नव्हता. घरी येऊन त्यांनी रोजच्यासारखी चांदणीसाठी सरकीची ढेप भिजत घातली. मी पाहिलं आणि तशीच परत फिरले.

५ ऑक्टोबर, रविवार

आज जे झालं ते कसं लिहू?

शेजारची कमला दसऱ्याला माहेरी, जंगलापलीकडच्या टोल्यावर, म्हणजे छोट्या वाडीवर, गेली होती. तिने तिथे सदाशिवराव नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात चांदणी पाहिली. शपथेवर सांगितलं. मी देवकाबाईंना स्कूटीवर मागे बसवलं आणि आम्ही निघालो.

सदाशिवराव भला माणूस. पाणी दिलं, खाट टाकली. गाय दावणीला होती. पांढरी, गाभण, डावा कान फाटलेला, बिल्ला नाही.

“माहीच हाय बाई हे,” ते म्हणाले. “दहा सप्टेंबरले हरवली, चौथ्या दिवशी आपली आपण आली. झुडपात अडकून कान फाटला.”

देवकाबाई तिच्या गळ्यात पडल्या. हाका मारल्या. गाय चघळत राहिली. मग सदाशिवरावांनी “ये लक्ष्मी” म्हटलं, तर तिने मान वर केली. अर्थात, तीन आठवडे वैरण त्यांच्याच हातची खात होती. जनावर ते. पण देवकाबाईंचा चेहरा माझ्याने बघवेना.

सदाशिवरावांनी मोबाइल काढला. त्यांच्या गावच्या पशुसखीने नोंद केली होती : गवळाऊ, मादी, पांढरी, पाच वर्षं, मालक सदाशिवराव. “तुमची दाखवा,” ते म्हणाले. जोरात नाही, साधंच म्हणाले.

“दाखव ना माधवी,” देवकाबाई म्हणाल्या. “साऱ्या देशाले समजलं म्हनलं होतं तू.”

मी ऐटीत फोन काढला. गावाची यादी उघडली. देवकाबाईंचं नाव नाही. पुन्हा शोधलं. चांदणी नाही. मी सहा ऑगस्टची तारीख उघडली. त्या दिवशीच्या नोंदी : शून्य.

मी सगळ्यांसमोर काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, नेटवर्क नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

कळलं. पहिल्या दिवशी मी चुकीचं ॲप उघडलं होतं. कागदाचं. दोन्ही निळी! अकरा जनावरांचे कान मी कागद समजून स्कॅन केले, आणि वहीत पुढच्या बाजूला ठळक अक्षरात ‘११ पूर्ण’ लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून नशिबाने बरोबर ॲप उघडत गेले, आणि वर लिहिलं काय, तर ॲप सुधारलं.

देवकाबाईंची गाय त्यांची आहे असं सांगणारा एकच कागद या जगात असायला हवा होता, आणि तो माझ्यामुळे नाही. सदाशिवरावांकडे आहे. बुधवारी किंवा शुक्रवारी तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टर मोहिनी मॅडम टोल्यावर जाऊन निकाल देणार आहेत. त्या नोंद मागतील, आणि नोंद नसेल तर गाय तिथेच राहील.

देवकाबाईंना सांगितलं नाही. आज दोनदा त्यांच्या दारावरून मागे आले. अर्धी डॉक्टर!

७ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी मामाजी म्हणाले, “मले घेऊन चाल टोल्यावर.” मी म्हटलं, कायले? म्हणाले, “चाल म्हनलं ना.”

स्कूटीवर दोन्ही हातांनी माझे खांदे घट्ट धरून बसले. उतरतानाही हात सोडला नाही. मला वाटलं, म्हातारपणी प्रेम आलं असेल. गोठ्यात गेल्यावर त्यांनी गाईच्या नाकावर अंगठा ठेवला, डोळे मिटले आणि हळूहळू फिरवला. मग म्हणाले, “देवकाबाईची चांदणी.”

“पुरावा काय गा, बापूराव?” सदाशिवरावांनी विचारलं.

“नाक.”

“कोनाचं? तुमचं का गाईचं?” असं कोणीतरी म्हणालं आणि जमलेले सगळे हसले. मामाजींनी अंगठा धोतराला पुसला. मला राग आला. त्यांच्यावर नाही, हसणाऱ्यांवर. हे माझं मलाच नवीन होतं.

येताना पुलावर थांबलो तेव्हा मी विचारलं, नाकाचं काय आहे ते नीट सांगा.

“सारख्या रंगाच्या दोन गाई राहू शकते. सारखं नाक नाई राहत,” ते म्हणाले. “बारीक बारीक रेघा राह्यते, गोटे राह्यते, दाण्यावानी उठलेले. जन्मापासून मरेपर्यंत तेच. रंगाची गाय मले ओळखता नाई येत आता... म्हंजे, नाकाची ओळख पक्की. बोटाले समजते.” मग म्हणाले, “तुह्या डब्यात नाई काय एखांदं नाक?”

मी हसणार होते. पण मला ती जीभ आठवली, फोनवरून खालून वर फिरलेली.

पुलावरच फोन काढला. कागदाच्या ॲपमध्ये, दाखल्याच्या आणि आत्याबाईंच्या फोटोच्या खाली, सहा ऑगस्टची फाइल होती. अकरा पानं. पहिल्या पानावर अर्धा कान. दुसऱ्यावर माझी चप्पल. तिसऱ्यावर काय आहे ते सांगता येत नाही. आणि चौथ्या पानावर, चौकटीत नीट कापून, काळंपांढरं करून, नाक.

अख्खं पान भरून. ओलसर नाकावरच्या रेघा अशा उठल्या होत्या की शेतांचे बांध वरून पाहावेत. मधोमध एक मोठी रेघ खाली येऊन दोन फाटे झालेली, उजवीकडे तीन गोटे एका ओळीत. आणि कडेला दावं आवळून धरलेला देवकाबाईंचा हात, मनगटावरच्या गोंदणासकट. खाली तारीख आणि वेळ.

मी पुलावर रडायला लागले. मी कान मागत होते आणि चांदणी नाक देत होती, तेव्हा मी तिला शिव्या घातल्या होत्या. कागद वाचणाऱ्या यंत्राने गाईचं नाक हाही कागदच मानला आणि जपून ठेवला. कोण कोणाला शिकवतंय इथे?

“काय झालं वं?” मामाजी विचारत होते. “काऊन रडून राह्यली?”

मी फोन त्यांच्यासमोर धरला. ते म्हणाले, “सांग ना तोंडानं.”

८ ऑक्टोबर, बुधवार

डॉक्टर परवा येणार आहेत. आज देवकाबाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. चुकीचं ॲप, नेटवर्कचं खोटं, सगळं. दारातच उभी राहून सांगितलं, आत जायची हिंमत नव्हती.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “म्हंजे तुह्या भरोशावर मी दोन महिने बसली, अन् तुह्या डब्यात माहं नावच नोतं?”

“नाई.”

“मले त्या दिवशी टोल्यावर काऊन नाई सांगितलं? सदाशिवरावासमोर मी तोंड वर करून बोलली तुह्या नावानं.”

मी फोन काढला, सापडलेल्या नाकाचं सांगितलं. त्यांनी मग पान पाहायला मागितलं. नाक ओळखलं की नाही माहीत नाही, पण स्वतःचं गोंदण लगेच ओळखलं. त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “हा माहा हात. म्हंजे चूक केली म्हनून नाक आलं. बराबर केलं असतं तं नुसता नंबर आला असता, अन् तो तं झुडपात गेला.”

“हो.”

“चाल, चहा घे. पन खोटं नोको बोलत जाऊ मह्याशी.”

१० ऑक्टोबर, शुक्रवार

मोहिनी मॅडम जीपने आल्या. दोन्ही गावांची माणसं जमली होती. मी सगळ्यांसमोर पुन्हा एकदा चूक सांगितली. मग चौथं पान दाखवलं.

मॅडम एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, माणसाच्या अंगठ्यासारखाच हा ठसा असतो, दोन गाईंचा एक येत नाही. त्यांनी गाईचं नाक कापडाने पुसायला लावलं आणि मला म्हणाल्या, “त्याच ॲपमध्ये स्कॅन करा. तसंच.”

हिरवी चौकट तीनदा आली आणि गेली. गाईने मान वळवली, आणि नाक पुढे केलं. अगदी त्या दिवशीसारखं. टिक्.

दोन्ही पानं शेजारी ठेवली. मोठी केली. सगळे माझ्या खांद्यावरून वाकले. मधली रेघ खाली येऊन दोन फाटे. उजवीकडे तीन गोटे एका ओळीत. गोठ्यात इतकी माणसं आणि फक्त गाईच्या चघळण्याचा आवाज. मग मॅडम म्हणाल्या, “चांदणीच आहे.”

देवकाबाई खाली बसल्या आणि गाईच्या पायांना कपाळ टेकवलं.

सदाशिवरावांनी वाद घातला नाही. पुन्हा पुन्हा ते फोनकडे पाहत राहिले. मग विचारलं, “मंग माही कुठं हाय?”

नाल्यातल्या हाडांचं त्यांना कोणीतरी हळूच सांगितलं. त्यांनी स्वतःच्या हाताने चांदणीचं दावं सोडलं, तिच्यापुढची उरलेली पेंढी उचलून देवकाबाईंच्या हातात दिली, आणि घरात निघून गेले. मला जिंकल्यासारखं वाटत होतं, ते तिथे थांबलं.

संध्याकाळी.

लिहायलाच हवं.

घरी येईपर्यंत, आणि आल्यावरही, निम्म्या गावाला ती दोन पानं दाखवली. शेवटी ओसरीवर मामाजींच्या हातात फोन दिला. म्हटलं, बघा, तुम्ही अंगठ्याने सांगितलं होतं तेच निघालं. लोक हसले होते ना? बघा आता.

त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला. तोंडासमोर नेला. बराच वेळ बघितलं. मान हलवली. “बराबर. रेघ न रेघ जुळते,” म्हणाले. “तेच नाक.”

मी आनंदाने त्यांच्या बाजूने वाकून बघितलं. स्क्रीन काळी होती. दिवसभर दाखवून दाखवून बॅटरी केव्हाच संपली होती.

ते अजून बघत होते.

उलटा फोटो. बादली. गोठ्यापर्यंतची दोरी. तोंडानं सांग. सगळं एकदम माझ्यासमोर येऊन उभं राहिलं.

“मामाजी,” मी म्हटलं, “केव्हापासून?”

ते फोन परत देईनात. घट्ट धरून बसले.

“दोन वर्स झाले,” म्हणाले. “पह्यले धुकं वाटे. मंग धुकंच राह्यलं.”

“सांगितलं काऊन नाई?”

“ढोरकीचे डोळे गेले म्हनून सांगू? मंग मी कोन राह्यलो गावात?”

मी उठून त्यांच्यासाठी चहा केला आणि पहिल्यांदाच कप खाली न ठेवता त्यांच्या हातात दिला. किती सोपं होतं ते. दोन वर्षं मी या माणसाला हट्टी म्हणत होते. गावातल्या प्रत्येक जनावराच्या कानात डोकावले आणि रोज समोर बसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत एकदाही पाहिलं नाही. लाज वाटते.

१५ ऑक्टोबर, बुधवार

हेमराज सुट्टी घेऊन आला. मामाजींना वर्ध्याला नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, फार पिकलेला. उजवा नक्की सुधारेल म्हणाले, डाव्याचं आत्ता सांगता येत नाही. ऑपरेशनसाठी सतरा नोव्हेंबर तारीख मिळाली. तिथल्या यंत्राने त्यांच्या डोळ्याच्या आतलं चित्र काढलं. पडद्यावर मोठा केशरी गोल, त्यात बारीक लाल फांद्या, पण पांढऱ्या ढगाआड. डॉक्टर म्हणाले, असं चित्र दुसऱ्या कोणाच्या डोळ्यात नसतं. मामाजींनी विचारलं, “गाईच्या नाकासारखं?” डॉक्टरांना समजलं नाही. आम्ही दोघं हसलो.

३ नोव्हेंबर, सोमवार

चांदणी सकाळी व्याली. कालवड.

देवकाबाईंनी आधी मामाजींना बोलावलं, मग मला. बरोबरच केलं. मामाजी आता उघड माझा हात धरून चालतात. दोरी सोडून टाकलीय, तिच्यावर खरंच कपडे वाळवते मी.

कालवड पायांवर डुलत होती. मामाजी मातीत बसले, धोतराच्या सोग्याने तिचं नाक पुसलं आणि अंगठा ठेवला.

“लिहून आली हाय,” ते म्हणाले.

“काय वो?” देवकाबाईंनी विचारलं.

“घंटाभर नाई झाला जन्मून. अन् सारं लिहून आली.”

मी सवयीने फोन काढला होता. त्यांनी माझा हात चाचपून धरला आणि माझं बोट कालवडीच्या नाकावर ठेवलं. “डोळे मीट. दाबू नोको. थांब.” आधी नुसतं ओलं, गार लागलं. मग ऊन श्वास आला. आणि मग, किती वेळाने कोण जाणे, बोटाखाली एक बारीक रेघ सापडली. तिच्या शेजारी दुसरी. मग एक इवलासा गोटा. माझ्या अंगावर त्या पहिल्या दिवसासारखाच काटा आला, आणि या वेळी हातात काहीच यंत्र नव्हतं.

“रंग कोनता हाय वं तिचा?” मामाजींनी विचारलं. त्यांना जे दिसत नाही ते त्यांनी मला आजवर कधीच विचारलं नव्हतं.

“पांढरी,” मी सांगितलं. “कानाच्या टोकाले जरा राखाडी.”

“असं?” ते तिच्या दिशेने तोंड करून बसून राहिले. मग म्हणाले, “देवकाबाई, सतरा तारखेपर्यंत नाव नोको ठेवजा. एकडाव पाहतो, मंग सांगतो.”

देवकाबाई हो म्हणाल्या. मी कालवडीचं नाक स्कॅन केलं. जतन करताना ॲपने विचारलं, पानाला काय नाव द्यायचं. मी रकाना रिकामा ठेवलाय.